उपसर्ग : स्वरूप, मूळ व अध्यापन

प्रश्नपत्रिकेत 'पुढीलपैकी असत्य विधान ओळखा' असा प्रश्न असतो. मुलास चारही विधाने समजतात. खरे कोणते व खोटे कोणते हेही ठाऊक असते. परंतु 'असत्य' या शब्दाच्या आरंभीच्या 'अ'वर त्याची दृष्टी ठरत नाही आणि सत्य विधानापुढे खूण करून तो मोकळा होतो. त्याचे गुण जातात. आणि त्यास विषय येत नाही, असा शिक्षकाचा समज होतो, ही त्याहून मोठी हानी होय. वास्तविक त्यास विषय येत होता. शब्दाच्या दाराशी उभे असलेले एक अक्षर तेवढे त्याला दिसले नव्हते.

शब्दाच्या प्रारंभी जोडल्या जाणाऱ्या आणि त्याच्या अर्थात पालट घडविणाऱ्या अशा अक्षरांस आपण उपसर्ग म्हणतो. वर्गात हा भाग बहुधा एका यादीने आरंभ होतो व त्या यादीनेच संपतो. 'प्र, परा, अप, सम्' ही माळ मुले सुरात म्हणून दाखवितात. तथापि तीच मुले 'अपेक्षा' व 'उपेक्षा' यांतील भेद सांगू शकत नाहीत. उपसर्ग हा पाठांतराचा विषय नसून शब्द उघडण्याची किल्ली आहे, आणि ती किल्ली प्रत्येक मुलाच्या हाती त्याच्या घरच्या भाषेच्या वाटेने द्यावी लागते, हे या लेखात मांडावयाचे आहे.

उपसर्ग म्हणजे काय?

संस्कृत व्याकरणपरंपरेत उपसर्ग बावीस मानले आहेत : प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निस्, निर्, दुस्, दुर्, वि, आ, नि, अधि, अपि, अति, सु, उत्, अभि, प्रति, परि व उप. निस्-निर् आणि दुस्-दुर् या जोड्या एकेक धरल्यास ही संख्या वीस होते. पाणिनीने यांस 'उपसर्ग' ही संज्ञा दिली ती क्रियेशी, म्हणजे धातूशी, योग असतानाच. शालेय मराठी व्याकरणात मात्र हा शब्द अधिक सैलपणे वापरला जातो. 'असत्य', 'अन्याय' यांतील नकारवाचक 'अ' वरील बावीसांत नाही. तरी आपण त्यास उपसर्गांतच गणतो. मुलांच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. शिक्षकास मात्र हा भेद ठाऊक असावा, म्हणजे एखाद्या चौकस मुलाने प्रश्न विचारल्यास उत्तर देता येईल.

वैदिक भाषेत हे उपसर्ग धातूस चिकटलेले असतच असे नाही. धातू वाक्यात एकीकडे आणि उपसर्ग दुसरीकडे, मध्ये इतर शब्द, अशी रचना तेथे आढळते. पुढे ते धातूस कायमचे जोडले गेले. जर्मन भाषेत आजही काही क्रियापदांचा आरंभीचा भाग विलग होऊन वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. यावरून उपसर्ग हे मूळचे स्वतंत्र शब्द असावेत आणि सहवासाने ते शब्दाचे अंग बनले असावेत, हे ध्यानी येते.

उपसर्गास स्वतःचा अर्थ असतो काय, हा वाद फार जुना आहे. यास्काने 'निरुक्ता'त या प्रश्नावरील दोन मते नोंदविली आहेत. शाकटायनाच्या मते उपसर्ग सुटा घेतल्यास अर्थ सांगत नाही, नाम किंवा क्रियापद यांच्या योगानेच तो अर्थ प्रकट करतो. गार्ग्याच्या मते त्यास स्वतःचे अर्थ असतात. वर्गातील अनुभव पाहिला तर दोन्ही मतांत तथ्य आहे असे दिसते. यासाठी 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, या धातूचे कुटुंब घेऊ. परि म्हणजे सभोवार. सर्व बाजूंनी पाहणे ती परीक्षा. सम् म्हणजे एकत्र, नीट. नीट पाहणे ती समीक्षा. प्रति म्हणजे कडे. वाटेकडे डोळे लावणे ती प्रतीक्षा. येथपर्यंत गार्ग्याचा जय होतो. परंतु उप म्हणजे जवळ, आणि उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष! येथे अर्थाची बेरीज जुळत नाही. शब्द वापरात जसा रुळला तसाच घ्यावा लागतो. म्हणून उपसर्गाचा अर्थ मुलांस सांगताना 'बहुधा' हा शब्द जोडावा आणि शेवटचा कौल वाक्यावर सोपवावा.

एका शब्दात दोन उपसर्गही असू शकतात. परीक्षेच्या वेळी वर्गात फिरणारा पर्यवेक्षक हा परि, अव व ईक्ष् यांचा मिळून झाला आहे. व्याकरण हा शब्द वि, आ व करण असा फुटतो. पर्यावरण हा परि, आ व वरण असा.

या फोडीचा शुद्धलेखनासही उपयोग होतो. 'परीक्षा' शब्दातील 'री' दीर्घ का, याचे उत्तर 'परि + ईक्षा' या संधीत आहे. तोच न्याय समीक्षा, प्रतीक्षा व निरीक्षण यांस लागू पडतो. 'उज्ज्वल' शब्दात 'ज' दोनदा का, तर उत् अधिक ज्वल. कारण कळले की शब्द पंचवीस वेळा लिहवून घेण्याची आवश्यकता उरत नाही.

मराठीतील उपसर्गांची तीन घराणी

मराठीतील उपसर्ग एका ठिकाणाहून आलेले नाहीत. आपल्या जिल्ह्यास परिचित अशा शब्दांवरूनच हे पाहता येईल.

पहिले घराणे संस्कृताचे. दुष्काळ (दुस् + काळ), सुकाळ, अवर्षण, अतिवृष्टी हे शब्द सोलापूर जिल्ह्यातील मुलांस पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. १९७२ सालच्या दुष्काळाच्या हकिकती घरोघरी सांगितल्या गेल्या आहेत. 'अनुकूल' व 'प्रतिकूल' हे शब्दही असेच पाहावेत. कूल म्हणजे नदीचा काठ. अनु म्हणजे अनुसरून आणि प्रति म्हणजे विरुद्ध. भीमेचा काठ पाहिलेल्या मुलास काठाच्या कलाने जाणे व त्याच्या उलट जाणे हे चित्र चटकन उमगते, आणि मग 'प्रतिकूल परिस्थिती' हा शब्दप्रयोग कोरडा राहत नाही.

दुसरे घराणे देशी वळणाचे. संस्कृत 'प्रति' प्राकृतातून मराठीत येताना 'पड' झाला. प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिच्छायेची पडछाया. घशातील पडजीभ ही तशीच. 'अ' व 'नि' हे अबोल, अजाण, निकामी, निनावी अशा शब्दांत घरगुती झाले. आडवाट, आडरस्ता, आडनाव यांतील 'आड' हा तर खेड्यातील मुलाच्या नित्याच्या बोलण्यातला. 'विना'पासून आलेला 'बिन' बिनचूक, बिनविरोध, बिनपगारी या शब्दांत आहे.

तिसरे घराणे फार्सी-अरबीचे. बे, गैर, ना, बद, दर, सर हे उपसर्ग राजव्यवहाराबरोबर मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकात सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त कारभारातील यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तरीही हे उपसर्ग मराठीत टिकून राहिले, कारण तोवर ते मराठी शब्दांशी सोयरीक करून बसले होते. गैरसमज यात गैर अरबी व समज आपला. बेचव यात बे फार्सी व चव मराठी. नापीक जमीन हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे. गावाचा कारभार पाहणारा सरपंच हा तर फार्सी 'सर', म्हणजे मस्तक अथवा प्रमुख, आणि आपला 'पंच' यांचा जोड होय. शिक्षकाचा पगार दरमहा होतो तो याच घराण्याच्या कृपेने. माधव जूलियन यांचा फार्सी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. तो चाळणाऱ्यास आपल्या नित्याच्या किती शब्दांचे मूळ फार्सीत आहे हे पाहून नवल वाटेल.

यांखेरीज इंग्रजी आमदानीत आलेले 'सब', 'नॉन' असे काही पाहुणेही आहेत. शाळेत सर्वांत धास्तीचा जो शब्द, 'नापास', त्यात 'पास' इंग्रजी असून 'ना' जुना आहे. शब्द कोठून आला याची चौकशी न करता भाषा त्यास आपला उपसर्ग लावते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शेजारच्या भाषांची रीत

येथे आपल्या जिल्ह्याचे वैशिष्ट्य पुढे येते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. सोलापूर शहरात विणकामाच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाची घरची भाषा तेलुगू आहे. उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत, तांड्यांवर लमाणी बोली आहे. एकाच बाकावर बसलेली मुले निरनिराळ्या भाषांतून मराठीकडे येतात.

कन्नड व तेलुगू या द्राविड कुळातील भाषा होत. त्यांच्या स्वतःच्या, म्हणजे उसन्या न घेतलेल्या, शब्दांत अर्थ पालटणारे अक्षर सामान्यतः शब्दाच्या शेवटी लागते, प्रारंभी नव्हे. 'माहीत आहे' यास कन्नडात 'गोत्तु' आणि 'माहीत नाही' यास 'गोत्तिल्ल' म्हणतात. तेलुगूत हीच जोडी 'तेलुसु' व 'तेलियदु' अशी आहे. दोन्हीकडे शब्दाचा आरंभ तसाच राहतो व नकार शेपटाशी उमटतो. मराठीतील 'न सांगता' हा प्रयोग घ्या. कन्नड मूल त्यासाठी 'हेळदे' म्हणेल आणि तेलुगू मूल 'चेप्पकुंडा'. मराठीत नकाराचा 'न' आधी येतो. त्या दोन्ही भाषांत सांगण्याचा धातू आधी येतो आणि नकार मागून. कन्नडात पुढे, मागे अशा अर्थाचे शब्द काही नामांपूर्वी जोडतात. 'मुन्नुडि', म्हणजे पुढची उक्ती, अर्थात प्रस्तावना, हा शब्द तसा झाला आहे. परंतु तो समासाचा प्रकार आहे. बावीस उपसर्गांसारखी व्यवस्था त्या भाषांत घरची नाही.

यावरून लेखाच्या आरंभी दिलेल्या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. ज्या मुलाचा कान जन्मापासून शब्दाच्या शेवटाकडे नकार शोधण्यास सरावला आहे, त्याची नजर 'असत्य'मधील पहिल्या अक्षरावरून निसटण्याचा संभव आहे. अशा मुलास मंदबुद्धी समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल. तो चुकतो ते आपल्या भाषेच्या नियमाला धरून चुकतो. आणि ज्यास एक नियम पक्का येतो त्यास दुसरा शिकविणे अवघड नसते.

शिवाय याच मुलांच्या घरी उपसर्ग उसने म्हणून आधीच येऊन राहिले आहेत. कन्नड व तेलुगू या दोन्ही भाषांनी संस्कृतातून विपुल शब्द घेतले. 'अन्याय' हा शब्द दोहोंतही आहे. फार्सी-अरबी शब्दही कारभाराच्या वाटेने तेथे पोचले. हजेरीपटावरील 'गैरहजर' हाच शब्द पाहा : कन्नडात अनुपस्थितीला 'गैरुहाजरी' म्हणतात, तेलुगूत 'गैर्हाजरु' आणि उर्दूत 'गैरहाजिरी'. चार भाषांची मुले एका शब्दाखाली एकत्र येतात ती अशी. उपसर्गाच्या पाठास याहून चांगला आरंभ कोणता असेल?

मात्र उसना शब्द प्रत्येक घरी तोच अर्थ राखतो असे नाही. 'उपन्यास' या शब्दात उप व नि असे दोन उपसर्ग आहेत. कन्नड व तेलुगूत त्याचा अर्थ व्याख्यान असा आहे, तर हिंदीत कादंबरी. म्हणून मुलाने घरचा अर्थ सांगितल्यास तो चूक म्हणून खोडू नये. 'तुमच्या भाषेत तसा, या भाषेत असा' एवढे सांगावे.

दूरच्या भाषांतील नाती

उपसर्गांची नाती आपल्या प्रांतापुरती नाहीत. संस्कृत, फार्सी, ग्रीक, लॅटिन व इंग्रजी या भाषा एकाच आर्य-युरोपीय कुळातील असल्याने त्यांचे काही उपसर्ग सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. संस्कृत 'परि' व ग्रीक 'पेरि' हे एकच होत. भूमितीत आपण ज्यास परिमिती म्हणतो त्यास इंग्रजीत पेरिमीटर म्हणतात, आणि दोहोंचा अर्थ सभोवारचे माप असाच आहे. संस्कृत 'दुस्', फार्सीतून आलेल्या 'दुश्मन' शब्दातील 'दुश्' आणि 'डिसेंट्री' या रोगनामातील ग्रीक 'डिस्' यांचे मूळ एकच. नकाराचा 'अ' स्वरापूर्वी 'अन्' होतो, जसे अ + नियमित परंतु अन् + आदर. ग्रीक भाषेतही नेमका हाच नियम आहे, आणि इंग्रजीतील नकारवाचक 'अन्' त्याच घराण्यातील आहे.

याउलट पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत उपसर्गांचे राज्य आहे. तेथे एकवचन व अनेकवचन हेसुद्धा शब्दाच्या आरंभी दाखवितात. 'किसु' म्हणजे एक सुरी, 'विसु' म्हणजे अनेक सुऱ्या. या भाषेने अरबीतून 'किताब' हा शब्द 'किताबू' असा घेतला. त्यातील 'कि' हे अरबी शब्दाचे मूळचे अंग. परंतु स्वाहिली बोलणाऱ्यांनी त्यास आपला उपसर्ग मानले आणि अनेक पुस्तकांना 'विताबू' म्हणू लागले. त्या भाषेत हे रूप आता शुद्धच आहे.

आपल्या वर्गातील मुलेही असाच तर्क चालवितात. 'बे' हा उपसर्ग शिकविल्यावर एखादे मूल 'बेडूक' व 'बेसन' यांतही तो शोधते. 'सु' शिकविल्यावर 'सुतार' शब्दात चांगला 'तार' पाहते. हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हे. मूल नियम लावू पाहत आहे, हे शुभचिन्ह होय. त्यास केवळ कसोटी द्यावयाची आहे.

वर्गात काय करावे?

पहिली गोष्ट, यादीने आरंभ करू नये. हजेरीपटापासून, हवापाण्यापासून, शेतीपासून आरंभ करावा. हजर-गैरहजर, सुपीक-नापीक, सुकाळ-दुष्काळ अशा जोड्या फळ्यावर लिहाव्यात आणि अर्थ कोणत्या अक्षराने पालटला हे मुलांस शोधू द्यावे. एका पाठात दोनतीन उपसर्ग पुरेत.

दुसरी गोष्ट, घरच्या भाषेस बोलावावे. 'तुझ्या घरी हे कसे म्हणतात?' असा प्रश्न कन्नड, तेलुगू, उर्दू व लमाणी बोलणाऱ्या मुलांस विचारावा. नकार शब्दाच्या पुढे आला की मागे, हे त्यांच्याकडूनच फळ्यावर मांडून घ्यावे. शिक्षकास ती भाषा येत नसली तरी चालेल. त्या घटकेपुरते मूल गुरू होते आणि त्याचा संकोच जातो.

तिसरी गोष्ट, खरा उपसर्ग ओळखण्याची कसोटी तीन प्रश्नांत द्यावी. अक्षर काढल्यावर उरलेल्या भागास अर्थ आहे काय? त्या अर्थाचे मूळ शब्दाशी नाते लागते काय? आणि त्याच उपसर्गाचे अथवा त्याच उरलेल्या भागाचे दुसरे शब्द सापडतात काय? 'बेडूक' पहिल्याच प्रश्नास अडतो. 'आहार' शब्दातून 'आ' काढल्यास 'हार' उरतो व मुलास फुलांचा हार आठवतो. दुसरा प्रश्न त्यास सावध करतो आणि विहार, प्रहार, संहार, परिहार ही भावंडे तिसऱ्या प्रश्नाने उभी राहतात. हा 'हार' नेणे, घेणे या अर्थाच्या 'हृ' धातूचा आहे, हे मग शिक्षकाने सांगावे.

चौथी गोष्ट, प्रश्न वाचण्याची सवय लावावी. असत्य, अयोग्य, अनावश्यक, विसंगत असे शब्द प्रश्नात आले की त्यांच्या पहिल्या अक्षराखाली मुलांनी पेन्सिलीने रेघ ओढावी. ही सवय अल्प श्रमात लागते आणि केवळ भाषेतच नव्हे तर गणित, विज्ञान व परिसर अभ्यास या विषयांतही उपयोगी पडते.

बावीस उपसर्गांची यादी सर्वांत शेवटी द्यावी. तोपर्यंत त्यांतील पुष्कळसे मुलांच्या ओळखीचे झालेले असतात, आणि ओळखीच्यांची नावे पाठ करण्यास कष्ट पडत नाहीत. नव्या शब्दापाशी मूल अडखळले असता त्यास अर्थ लगेच सांगू नये. 'याच्या आरंभी कोण उभे आहे ते पाहा' एवढेच म्हणावे. ज्या दिवशी ते मूल आपण होऊन 'निरक्षर' शब्दाची फोड करून त्याचा अर्थ सांगेल, त्या दिवशी उपसर्गाचा पाठ पुरा झाला असे समजावे.